पोर्शे ९४४चे ड्राइव्ह शाफ्ट बूट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेत राहणाऱ्या, शाळेत असताना जिचं चित्र वहीला चिकटवलं तीच गाडी आता जुन्या बाजारातून घेतलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न वरचेवर येतात. दर वेळी तेच उत्तर पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे. उत्तरं १९८२ ते १९९१ या काळातल्या ९४४ला धरून आहेत. ९२४ आणि ९६८ची मांडणी तीच आहे, त्यामुळे बरंचसं त्यांनाही लागू पडेल. दुसरी गाडी असेल तर थेट प्रश्न १८ पाहा.

१. बूट म्हणजे नेमकं काय आणि माझ्या गाडीत किती आहेत?

चार. ९४४चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असतो. गिअरबॉक्सपासून मागच्या दोन्ही चाकांकडे एकेक आखूड शाफ्ट जातो आणि प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सीव्ही जॉइंट असतो. चाक खड्ड्यात गेलं, वर उचललं गेलं तरी फिरण्याचा वेग एकसारखा ठेवायचं काम या जॉइंटचं. त्यात सहा छर्रे असतात आणि ते तिरप्या खाचांतून सरकतात, म्हणून शाफ्ट थोडा आत-बाहेरही होऊ शकतो. बूट म्हणजे पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेलं रबर. त्याचं रुंद तोंड पत्र्याच्या टोपीत दाबून बसवलेलं असतं आणि ती टोपी जॉइंटवर चढते. अरुंद तोंड शाफ्टवर क्लॅम्पने आवळलेलं असतं. ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

२. बूट फाटलाय हे खाली न झोपता कळेल का?

मागच्या चाकाच्या रिमची आतली बाजू टॉर्च मारून बघा. तिथे काळ्या, दाट ग्रीसचे शिंतोडे अर्धगोलात उडालेले असतील तर बूट गेला. गरम सायलेन्सरवर ग्रीस उडालं असेल तर लांब फेरीनंतर जळका वासही येतो. पण खात्री करायची तर खाली वाकावंच लागेल. भेगा घड्यांच्या खोलगट भागात पडतात आणि घडी मिटलेली असताना दिसत नाहीत. मागची दोन्ही चाकं उचला, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवत प्रत्येक घडी अंगठ्याने फाकवून बघा. वरवरची जाळीदार सुरकुती आणि आरपार गेलेली भेग यांतला फरक बोटाला लगेच कळतो.

३. वळताना कट-कट आवाज येत नाही, म्हणजे जॉइंट चांगले आहेत ना?

नाही. हा समज मारुती आणि सँट्रो चालवून आलेल्यांचा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तीच चाकं वळतात, बाहेरच्या जॉइंटला मोठा कोन पडतो आणि झिजलेला जॉइंट पार्किंगमध्येच ओरडतो. ९४४ची मागची चाकं वळत नाहीत. कोन नेहमीच लहान राहतो, त्यामुळे तो कट-कट आवाज इथे बहुधा येतच नाही. इथे लक्षण दिसतं ते भार बदलताना: ॲक्सिलरेटर सोडला की एक 'टक', पुन्हा दाबला की दुसरा 'टक'. पुढे झीज वाढली की वेगाबरोबर वाढणारी टिकटिक किंवा सरळ रस्त्यावर थरथर.

पण थांबा. भार बदलताना येणारा टक आवाज डिफरन्शियलमधल्या (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचातल्या) मोकळीमुळे, म्हणजे सैलपणामुळेही येतो, किंवा जुन्या गाडीत क्लचच्या मधल्या रबरामुळेही. गाडी वर असताना गिअरबॉक्सकडचा फ्लॅंज (जॉइंट ज्या चकतीला बोल्टने जोडलेला असतो ती) एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट पुढे-मागे पिळा. फ्लॅंज स्थिर आणि शाफ्ट हलतो, तर मोकळ जॉइंटमध्ये आहे. दोन्ही मिळून हलत असतील तर शोध पुढे न्या.

४. बूट बाहेरून ओला आहे, पण फाटलेला दिसत नाही. असं कसं?

बोटावर घेऊन वास घ्या. सीव्हीचं ग्रीस काळं, दाट आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. पातळ आणि गंधकासारखा उग्र वास येणारं असेल तर ते गिअर ऑइल. म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचं ऑइल सील गळतंय. शाफ्ट काढायचाच आहे तर ते सील त्याच दिवशी बदला. नव्या बुटावर गिअर ऑइल टपकत ठेवण्यात काही अर्थ नाही, रबर फुगून मऊ पडतं.

५. फाटलेल्या बुटावर किती दिवस चालवू शकतो?

किलोमीटरचा आकडा मी कधीच देत नाही, कारण सगळं त्या भेगेतून आत काय गेलं त्यावर आहे. कोरड्या उन्हाळ्यात शहरात हळू चालवली तर जॉइंट काही आठवडे तग धरतो. पावसात, किंवा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकलेलं असताना, तोच जॉइंट फार लवकर जातो. त्यात ऑटोबानचा वेग आला की ग्रीस भेगेतून भराभर बाहेर फेकलं जातं. माझं मत विचाराल तर भेग आरपार दिसली की गाडी उभी करा. आज काम बुटाचं आहे, उशीर केला तर जॉइंटचं होईल आणि जुने चांगले जॉइंट आता सहज मिळत नाहीत (प्रश्न ७).

६. ट्यूफमध्ये किंवा एमओटीमध्ये गाडी नापास होईल का?

जर्मनीत ट्यूफ या सक्तीच्या वाहन तपासणीत फाटून ग्रीस टाकणारा बूट मोठा दोष धरला जातो. तपासणीत पास झाल्याचा स्टिकर मिळत नाही आणि दुरुस्ती करून महिनाभरात गाडी पुन्हा दाखवावी लागते. ३० वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारी, जुन्या गाड्यांची एच नंबर प्लेट असली तरी दर दोन वर्षांची तपासणी चुकत नाही.

इंग्लंडमध्ये बूट नसणं किंवा धूळ आत जाईल इतका फाटलेला असणं हा एमओटी या तिथल्या वार्षिक वाहन तपासणीत मोठा दोष आहे. मात्र ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना तिथे एमओटीच लागत नाही, आणि पहिल्या काही वर्षांतल्या ९४४ आता त्या वयाच्या झाल्या आहेत. तुमची गाडी त्यात बसत असेल तर खाली बघणारं तुमच्याशिवाय कोणी नाही हे ध्यानात ठेवा.

७. नुसते बूट बदलू की पूर्ण शाफ्टच नवा घेऊ?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. नवे तयार शाफ्ट मिळतात आणि काम अर्ध्या वेळात होतं, हे खरं. पण कारखान्यातून गाडीबरोबर आलेले जॉइंट, बहुतेकदा लोब्रो कंपनीचे, इतक्या उत्तम पोलादाचे आहेत की बूट शाबूत राहिला तर ते गाडीइतकेच टिकतात. स्वस्तातल्या नव्या शाफ्टबद्दल तसं म्हणता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जॉइंट उघडून धुवा, प्रश्न १३प्रमाणे तपासा आणि चांगला निघाला तर फक्त बूट, ग्रीस, सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) आणि बोल्ट नवे घाला. खराब निघाला तर तेवढा एक जॉइंट नामांकित कंपनीचा घ्या. पूर्ण शाफ्ट घ्यायची वेळ त्याच्या स्प्लाइन (जॉइंट ज्यावर चढतो त्या शाफ्टवरच्या खाचा) खराब झाल्या असतील तरच येते.

एक बूट फाटला असेल तर चारही बदला. उरलेले तीन त्याच वयाचे आहेत.

८. शाफ्ट न काढता बसणारे, मधून चिरलेले बूट चालतील का?

९४४वर नाही. मूळ बूट पत्र्याच्या टोपीसकट जॉइंटवर बसतो आणि चिकटवायच्या बुटाला ती टोपी नसते. शिवाय जोडाची शिवण ग्रीस आणि उष्णता यांपुढे फार टिकत नाही. आणि बूट चिरलेला घेतलात की आतलं जुनं, माती मिसळलेलं ग्रीस तसंच राहतं, मग नवा बूट घालून मिळवलं काय?

९. रबराचा घेऊ की कडक प्लास्टिकसारखा दिसतो तो?

मूळ बूट निओप्रीन रबराचे होते. बाजारात आता थर्मोप्लास्टिकचेही मिळतात. ते भेगांना आणि ओझोनला जास्त दाद देत नाहीत, पण कडक असतात. त्यांना त्यांच्यासोबत येणारा कानवाला क्लॅम्पच लावा आणि तो त्याच्या खास पकडीने दाबा. मऊ रबराची साधी पट्टी कडक बुटावर सैल बसते आणि कडक बुटाचा क्लॅम्प मऊ रबर कापतो. ज्यांची गाडी वर्षातले सहा महिने गॅरेजमध्ये उभी असते त्यांनी चांगल्या कंपनीचं निओप्रीन घेतलं तरी हरकत नाही.

१०. भाड्याच्या घरात राहतो, गॅरेज नाही. हे काम कुठे करू?

जर्मनीत इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा रस्त्यावर गाडी उघडून बसू नका. घरमालक, शेजारी आणि महापालिका, तिघांनाही ते चालत नाही, आणि ग्रीस मातीत गेलं तर दंडही होऊ शकतो. त्यापेक्षा 'मीटवेर्कश्टाट' शोधा. तिथे तासावर लिफ्ट आणि हत्यारं भाड्याने मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी हायड्रॉलिक प्रेसही असतो, जो इथे उपयोगी पडतो. पहिल्यांदा करत असाल तर शनिवारचा पूर्ण दिवस धरा. ग्रीसची फडकी आणि ब्रेक क्लीनरचे डबे घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर द्यायचे, घरच्या डब्यात टाकायचे नाहीत.

११. कोणती हत्यारं आधी आणून ठेवू?

बोल्टच्या डोक्यात बसणारा लांब बिट, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), सर्क्लिप प्लायर, क्लॅम्पची पकड, ब्रेक क्लीनर, दात कोरायच्या आकाराचा टोकदार हूक, तारेचा ब्रश. आणि लिफ्ट नसेल तर चार टनांच्या दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. जॅक गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कवचाखाली लावू नका.

बिट विकत घेण्याआधी बोल्ट बघून घ्या. काही गाड्यांत सहाकोनी ॲलनचे बोल्ट आहेत, काहींत बाराकोनी खाचेचे. आधीच्या मालकाने मिसळून टाकले असतील तर एकाच जॉइंटवर दोन्ही सापडतात. बाराकोनी खाचेत टॉर्क्स किंवा ॲलन 'बसतोय' असं वाटतं. तो बसत नाही, तो खाच खातो.

१२. बोल्ट उघडताना डोकं फिरलं. आता?

या कामाची खरी परीक्षा इथेच आहे, म्हणून आधी ते फिरूच नये याबद्दल.

एका जॉइंटला सहा, म्हणजे एकूण चोवीस बोल्ट. प्रत्येकाच्या डोक्यातल्या खाचेत तीस-पस्तीस वर्षांची माती आणि ग्रीस दगडासारखं बसलेलं असतं. हूकने ते पूर्ण कोरून काढा, ब्रेक क्लीनर मारा, पुन्हा कोरा. मग बिट आत ठेवून हातोडीने दोन-तीन ठोके द्या. बिट तळाला टेकल्याचा आवाज बदलतो, तो ऐकू आल्याशिवाय जोर लावू नका. हँडब्रेक ओढा. केवळ गिअरमध्ये टाकून भागणार नाही, कारण दोन्ही चाकं हवेत असताना डिफरन्शियल एका चाकाचं फिरणं दुसऱ्याला उलटं देतं आणि शाफ्ट फिरतच राहतो. एक्स्टेन्शन सरळ रेषेत धरा, तिरपं झालं की डोकं गेलं. दोन-तीन बोल्ट सैल झाले की हँडब्रेक सोडा, चाक फिरवा, पुढचे घ्या. सगळे सैल होईपर्यंत एकही पूर्ण काढू नका.

तरी एखादा फिरलाच तर बाकीचे पाच आधी सैल करा, त्याच्यावरचा ताण कमी होतो. मग एक माप मोठा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवा, बहुतेक त्यानेच सुटतो. नाहीतर धारदार छिन्नी डोक्याच्या कडेला लावून सैल होण्याच्या दिशेने ठोके द्या. शेवटचा उपाय म्हणजे डोकं ड्रिलने उडवणं. शाफ्ट खाली आला की उरलेला दांडा पकडीने सहसा हातानेच फिरतो, कारण तो घट्ट होता तो डोक्यामुळे. सगळे निघाले की शाफ्ट थोडा दाबून खाली घ्या. एक टोक सुटलं म्हणून तो दुसऱ्या जॉइंटवर लोंबू देऊ नका, तारेने बांधून ठेवा.

१३. जॉइंट चांगला आहे की गेलाय हे कसं ओळखायचं?

सर्क्लिप काढून जॉइंट शाफ्टवरून उतरवा. आतली रिंग आधारावर टेकवायची आणि शाफ्ट प्रेसने दाबायचा. बाहेरच्या रिंगवर किंवा छर्ऱ्यांच्या जाळीवर ठोकायचं नाही. उतरवण्याआधी, विशेषतः मागच्या वाटीदार वॉशरची बाजू दिसेल असा, फोटो काढा. मग जॉइंट पूर्ण धुवून वाळवा.

खाचांत चकाकता किंवा मंद पट्टा दिसणं नैसर्गिक आहे. नख अडेल असा खड्डा दिसला तर जॉइंट टाकून द्या. निळसर रंग म्हणजे तो ग्रीसविना तापला होता, तोही टाका. छर्रे जाळीच्या खिडकीत खुळखुळत असतील तरीही. बाकी दिसायला कितीही जुना असला तरी वापरा.

१४. धुताना जॉइंट सुटला आणि छर्रे हातात आले. परत जोडता येतो का?

येतो, आणि खरं तर नीट तपासायचा तर तो उघडणंच बरं. फक्त चार जॉइंटचे भाग एकमेकांत मिसळू नका. प्रत्येकाचे छर्रे त्याच्याच रिंगबरोबर झिजून जुळलेले असतात. चार वेगळे डबे, चार चिठ्ठ्या.

जोडताना फसगत होते ती एकाच ठिकाणी. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही रिंगवर खाचांमधली अंतरं एक रुंद, एक अरुंद अशी आलटून पालटून असतात. आतल्या रिंगचं रुंद अंतर बाहेरच्या रिंगच्या अरुंद अंतरासमोर यायला हवं. उलटं जुळवलंत तरी कधीकधी तो आत बसतो, पण मग सरकत नाही, हातात अडकतो. बरोबर जुळलेला जॉइंट अंगठ्याच्या दाबाने सर्व बाजूंना आणि आत-बाहेर सहज हलतो. आतल्या रिंगच्या ज्या बाजूची कड जास्त उतरती घासलेली आहे ती शाफ्टच्या खांद्याकडे.

१५. ग्रीस कोणतं आणि किती?

मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं सीव्ही जॉइंटचं काळं ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं किंवा निळं ग्रीस इथे चालत नाही, कारण छर्रे इथे फिरण्याबरोबर घासतातही आणि तो दाब साध्या ग्रीसला पेलत नाही. एका जॉइंटला साधारण ९० ते १०० ग्रॅम. त्यातलं बरंचसं बोटाने छर्ऱ्यांमध्ये दाबून भरा, उरलेलं बुटात. जास्त भरलं तर जास्त चांगलं असं नाही. गरम झाल्यावर ते जागा शोधतं आणि बुटाच्या तोंडातून बाहेर येतं.

१६. सगळं परत बसवताना काय चुकतं?

क्रम आधी: लहान क्लॅम्प, बूट, वाटीदार वॉशर, जॉइंट, नवी सर्क्लिप. क्लॅम्प घालायला विसरून जॉइंट चढवणारे बरेच असतात. जॉइंट सरकण्याच्या मध्यावर असताना बुटाच्या अरुंद तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडा आणि मग क्लॅम्प दाबा. हवा कोंडली की बूट फुगतो, पोकळी झाली की घडी आत ओढली जाते. दोन्हींत तो घासून फाटतो. बूट पिळलेला नाही ना, तेही बघा.

फ्लॅंजचा चेहरा, जॉइंटचा चेहरा आणि बोल्टचे आटे ग्रीसविरहित, कोरडे हवेत. मधे गास्केट निघालं असेल तर नवं लावा. बोल्ट नवे, आणि दोन-दोन बोल्टांखाली येणाऱ्या त्या लांबट पट्ट्या विसरू नका. एम८ बोल्टला ४२ न्यूटन मीटर, आमनेसामने क्रमाने, दोन फेऱ्यांत. तुमच्या गाडीत जाड बोल्ट असतील तर त्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या. थ्रेडलॉकबद्दल (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या द्रवाबद्दल) दोन मतं आहेत. माझ्या मते आटे स्वच्छ असतील तर त्याची गरज नाही आणि घाण असतील तर त्याचा उपयोग नाही. साधारण १०० किलोमीटरनंतर सगळे चोवीस पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. हे टाळू नका. सैल झालेला एक बोल्ट उरलेल्या पाचांना तोडतो.

१७. डावा शाफ्ट उजवीकडे लावला तर जॉइंट जास्त टिकतो, हे खरं का?

अर्धं खरं. पुढे जाताना छर्रे खाचेच्या एकाच कडेवर दाब देतात. बाजू बदलली की दाब दुसऱ्या, जवळजवळ कोऱ्या कडेवर येतो. झीज मंद पट्ट्याइतकीच असेल तर ही युक्ती चांगली आहे. खड्डे पडलेल्या जॉइंटला ती वाचवत नाही. अदलाबदल करण्याआधी दोन्ही शाफ्टची लांबी टेपने मोजा आणि सारखी असेल तरच करा.

१८. माझ्याकडे ९११ आहे, मित्राकडे जुनी माझदा एमएक्स-५. हेच करायचं का?

हवेवर थंड होणाऱ्या ९११ची पद्धत जवळजवळ हीच आहे, बोल्टची जाडी आणि टॉर्क मात्र वर्षानुसार बदलतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५चं काम वेगळं आहे. तिचा बाहेरचा जॉइंट उघडायचा नसतो. हबचं मोठं नट काढून शाफ्ट बाहेर घ्यावा लागतो, आतला तीन रोलरवाला जॉइंट उतरवायचा आणि दोन्ही बूट त्याच टोकाने चढवायचे.

१९. शाफ्ट काढल्यावर सुटे भाग यायला आठवडा लागणार आहे. गाडी ढकलून बाजूला लावू शकतो का?

९४४ असेल तर हो. चाकाच्या हबमधला आखूड दांडा वेगळा आहे आणि त्याचं मोठं नट आपण हात लावलेलं नाही, म्हणून बेअरिंग जागच्या जागी आवळलेलं राहतं. प्रश्न १८मधल्या एमएक्स-५सारख्या गाडीत मात्र तो दांडा बाहेरच्या जॉइंटचाच भाग असतो. तो काढून गाडी चाकांवर उतरवली तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

आणि एक, जे कोणी विचारत नाही. शाफ्ट नसताना गिअरबॉक्स आणि चाकांचा संबंध तुटलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या 'पी'मध्ये टाकून ठेवलेली गाडी उतारावरून निघून जाईल. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा.

२०. नवे बूट वर्षभरात पुन्हा फाटले. बुटांची खोट?

क्वचित. आधी गाडीची मागची उंची बघा. ९४४ला मागे टॉर्शन बार (पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) आहेत. कोणी ते फिरवून गाडी खाली बसवली असेल तर शाफ्ट कायम तिरपा राहतो आणि बुटाच्या एका बाजूच्या घड्या सतत चेपलेल्या राहून एकमेकींवर घासतात. अशा बुटावर भेगेऐवजी घासल्याची चकाकी दिसते. उंची पूर्वीइतकी करा, नाहीतर दरवर्षी बूट घ्यायची तयारी ठेवा. उंची ठीक असेल तर क्लॅम्पचा कान कुठे घासतोय का ते चाक पूर्ण एक फेरी फिरवून बघा. फाटणं अरुंद तोंडाशीच असेल तर क्लॅम्प चुकीचा लागलाय (प्रश्न ९). घड्या आत ओढल्या गेल्या असतील तर हवा सोडायची राहिली (प्रश्न १६). आणि चारांपैकी एकच बूट वारंवार जात असेल तर प्रश्न ४मधला वास पुन्हा एकदा घेऊन बघा.